लेबल माणसाच्या एन्झाइमचं, आत गाईचं अल्ब्युमिन

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चअखेरीची गोष्ट. ग्रँटमधले उरलेले पैसे ३१ तारखेच्या आत खर्ची पडले नाहीत तर परत जाणार होते आणि मला यूसीएच-एल१ हवं होतं. हे माणसाच्या चेतापेशींमधलं हायड्रोलेज, म्हणजे पाण्याच्या मदतीने बंध तोडणारं एन्झाइम. मेंदूतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी १ ते २ टक्के एकटं हेच असतं. युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या शेपटाला जोडलेले छोटे तुकडे ते तोडतं. त्याला अडवणारी संयुगं शोधायची, हे माझं पीएचडीचं काम. संशोधनासाठी ते मिळतं ते ई. कोलाय जिवाणूत माणसाचा जीन घालून बनवलेलं. आम्हीही लॅबमध्ये बनवलं असतं, पण क्लोनिंगपासून शुद्धीकरणापर्यंत महिना सहज गेला असता आणि तेवढा वेळ हातात नव्हता.

तीन कोटेशन मागवली. दोन नेहमीच्या वितरकांची, माल यायला सहा ते आठ आठवडे. तिसरं पुण्यातल्याच एका नव्या पुरवठादाराचं. किंमत जवळपास निम्मी, माल रेडी स्टॉक, चार दिवसांत हातात. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचं, अर्थातच तेच निघालं. मी फोन केला. "मॅडम, बाहेरच्या कंपनीचाच ओरिजिनल माल आहे, आमच्या डीप फ्रीजरला पडून आहे." कंपनीचं अधिकृत वितरक असल्याचं पत्र मागितलं, तर म्हणाले, बिलासोबत देतो. ते पत्र आजतागायत आलेलं नाही. ते हातात येईपर्यंत मी ऑर्डरवर आमच्या गाइड मॅडमची सही घ्यायला नको होती.

पार्सल आलं तेव्हा थर्माकोलच्या डब्यात ड्राय आइस नव्हता, जेल पॅक होते आणि तेही मऊ पडलेले. सोबत सर्टिफिकेट ऑफ अनॅलिसिस, म्हणजे तपासणीचा दाखला होता. त्यात प्रथिनं वजनानुसार पट्ट्यांमध्ये वेगळी करणाऱ्या जेलचा सुरेख फोटो, यूसीएच-एल१च्या वजनापाशी, २५ किलोडाल्टनच्या आसपास, एकच ठसठशीत बँड. ब्रॅडफर्ड ही रंगाची चाचणी केली, प्रोटीनचं प्रमाण लिहिल्याप्रमाणे बरोबर आलं. मी निश्चिंत झाले. बिल त्याच आठवड्यात मंजूर झालं.

ब्रॅडफर्ड फक्त प्रोटीन किती आहे ते सांगतं, कोणतं आहे ते सांगत नाही. हे मी ज्युनिअर मुलांना स्वतः शिकवलेलं आहे.

मग युबिक्विटिन-एएमसी, म्हणजे एएमसी हा चमकणारा रेणू जोडलेलं युबिक्विटिन, सबस्ट्रेट (एन्झाइमने तोडायचा पदार्थ) म्हणून घेऊन अॅक्टिव्हिटी बघायला बसले. एन्झाइमने एएमसी तोडून सुटं केलं की ते निळसर चमकतं आणि ४६० नॅनोमीटरवर आलेख चढत जातो. माझा आलेख सपाट. या एन्झाइमचं सगळं काम ९० क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर चालतं, तो ऑक्सिडाइज झाला की एन्झाइम मेलं. म्हणून सिस्टीनला ऑक्सिडाइज होऊ न देणारा डीटीटी नवा केला. सपाट. बफर बदलला, पीएच पुन्हा मोजला, प्लेट रीडरवर संशय घेतला. तीन आठवडे मी स्वतःच्या हातांना दोष देत होते. महागडं सबस्ट्रेट यात वाया गेलं ते वेगळंच. शेवटी शेजारच्या लॅबमधून त्याचं भावंड, यूसीएच-एल३, थोडंसं मागून आणलं. ते मुळात कितीतरी पट वेगवान आहे. त्याच बफरमध्ये, त्याच प्लेटमध्ये आलेख सरसर वर गेला. म्हणजे माझं काही चुकत नव्हतं.

त्या संध्याकाळी १५ टक्क्यांचं जेल लावलं. कुमासीचा निळा रंग उतरत गेला तसा बँड दिसू लागला, पण ६६ किलोडाल्टनपाशी. २५ च्या जागी काहीच नाही. त्याहून संवेदनशील सिल्व्हर स्टेन केला, तरी नाही. अँटी-हिस अँटिबॉडीलाही काही लागलं नाही, आणि सर्टिफिकेटवर हिस-टॅग, म्हणजे ही अँटिबॉडी ओळखते ती प्रथिनाला जोडलेली छोटी खूण, स्पष्ट लिहिलेला होता. ६६ म्हटल्यावर प्रयोगशाळेत कुणाच्याही मनात एकच नाव येतं, बीएसए, गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. बँड कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवला. तेच निघालं. बर्फाच्या बादलीत ठेवलेल्या ट्यूबचं लेबलही तेवढ्यात सुटून पाण्यावर तरंगू लागलं. उणे ८० ला टिकणारं ते लेबलच नव्हतं, साधा प्रिंटरचा कागद होता. खाली मार्करने लिहिलेला, अर्धवट पुसलेला दुसराच एक नंबर. मग सर्टिफिकेट पुन्हा नीट पाहिलं. त्यावरचा लॉट नंबर आणि ट्यूबवरचा लॉट नंबर जुळत नव्हते. पहिल्याच दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवले असते तर एका मिनिटात कळलं असतं.

पुरवठादाराला फोन केला. आधी म्हणाले, "स्टॅबिलिटीसाठी बीएसए घालतातच मॅडम." घालतात, खरं आहे, पण तसं डेटाशीटवर छापलेलं असतं आणि सोबत मूळ एन्झाइमही असतं. मग म्हणाले, तुमच्याकडे साठवण नीट झाली नसेल. साठवण बिघडली तर एन्झाइम मरतं, २५ चं ६६ होत नाही. शेवटी "रिसर्च यूज ओन्ली आहे, रिटर्न नाही", आणि मग फोन उचलणंच बंद.

संस्थेने लेखी तक्रार केली आहे, त्यांना पुरवठादारांच्या यादीतून काढलं आहे. पैसे परत आलेले नाहीत. आता आमच्याकडे बाहेरून आलेल्या प्रत्येक प्रोटीनचे दोन मायक्रोलिटर आधी जेलवर जातात, लॉट नंबर मूळ कंपनीला ईमेल करून विचारला जातो आणि त्यानंतरच मॅडम बिलावर सही करतात. ती ट्यूब मी टाकलेली नाही. सुटलेल्या लेबलासकट झिपलॉक पिशवीत, उणे ८० च्या तिसऱ्या कप्प्यात आहे.