जेजर-लकुल्त्र रिव्हर्सो: दहा महिने वापरल्यानंतर

माझं घड्याळ म्हणजे रिव्हर्सो क्लासिक, मोठ्या आकाराचं, खाली छोटा सेकंदकाटा असलेलं. किल्लीचं आहे, ऑटोमॅटिक नाही. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, डाय (साचे) आणि फिक्श्चर (काम पकडून ठेवायच्या चौकटी) करण्यात. त्यामुळे दुकानात मी आधी डायल पाहिलीच नाही, फिटिंग पाहिलं.

केस, म्हणजे घड्याळाची डबी, अंगठ्याने बाजूला सरकवायची, ती पाळण्यातून, म्हणजे पट्ट्याला जोडलेल्या चौकटीतून, निम्मी बाहेर येते, मग उलटी फिरवायची आणि परत ढकलायची. ‘टक्’ करून बसते. सरकताना कुठे खरखर नाही, आणि बसल्यावर नखाने हलवून पाहा, जरासुद्धा डुगडुगत नाही. ज्याने हाताने स्लाइडिंग फिट बसवलंय त्याला ठाऊक आहे की या दोन गोष्टींचं आपसात पटत नाही. सैल सोडलं की खडखडतं, आवळलं की अडकतं. इथे दोन्ही साधलंय. दहा महिन्यांत मी हजारेक वेळा तरी केस फिरवली असेन, ‘टक्’ पहिल्या दिवसासारखंच आहे. मला या घड्याळाचं सौंदर्य विचाराल तर ते आधी इथे आहे, सोन्या-हिऱ्यांत नाही.

याची सुरुवात आपल्याकडची आहे. सांगतात ते असं, की हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या आणि सेझार द त्रे नावाच्या घड्याळ व्यापाऱ्याकडे कुणीतरी त्यावर उपाय मागितला. त्याने जाक-दाव्हीद लकुल्त्रला गाठलं. रने-आल्फ्रेड शोव्हो या आरेखकाने ४ मार्च १९३१ला पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज केला. काच वाचवायची म्हणून घड्याळाला पाठ फिरवायला लावलं, एवढीच मूळ कल्पना. वर-खाली तीन-तीन आडव्या रेषा आहेत ना, त्या त्या काळच्या आर्ट डेको शैलीतल्या. त्या काढल्या तर हा लांबोडका आयत पत्र्याच्या डबीसारखा दिसेल.

काटे निळे आहेत. रंग नव्हे, स्टील तापवून आणलेला निळा. आमच्याकडे पाणी दिलेला, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केलेला तुकडा पुन्हा तापवताना हे रंग रोज दिसायचे: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. क्षणभर उशीर झाला की राखाडी. दोन्ही काट्यांवर एकसारखा निळा पाहिला की मी अजूनही थांबतो. सावलीत ते काळेच दिसतात, खिडकीपाशी गेलं की पेटतात.

आतलं यंत्र, ८२२ कॅलिबर, चौकोनी केससाठी चौकोनीच केलेलं आहे. तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. चावी ४२ तास पुरते. मी रोज सकाळी चहाच्या आधी देतो. शेवटी किल्ली जड लागते, तिथे थांबायचं, जोर करायचा नाही. रात्री डायल वर ठेवलं तर दिवसाला ५ सेकंद पुढे जातं, आडवं कडेवर ठेवलं की बरंचसं भरून निघतं. वहीत महिनाभर नोंदी केल्यात. ५ सेकंद म्हणजे एक मीटर लांबीत ०.०६ मिलिमीटरची चूक, तीही हलत्या मनगटावर!

मार्चमध्ये एक चूक माझ्या हातून झाली. रात्री घड्याळ ब्लूटूथ स्पीकरवर ठेवलं, सकाळपासून ते भलतंच पुढे धावायला लागलं. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या घड्याळजी काकांनी जवळ होकायंत्र धरलं, सुई लगेच हलली. ठोके सांभाळणाऱ्या बारीक स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते, म्हणून घड्याळ पळतं. काकांनी यंत्रावर धरून दोन मिनिटांत चुंबकत्व उतरवलं आणि पैसे घेतले नाहीत.

पावसाळ्यात मात्र जपावं लागतं. ३० मीटरपर्यंत पाणीरोधक म्हणतात म्हणून पोहायला न्यायचं नाही. कोकणात वाळूवर तर अजिबात नाही, एक कण खाचेत गेला तर त्या फिटिंगची वाट. मे महिन्यात घामाने चामडी पट्टा खराब होतो, तेव्हा मी कापडी लावतो. तारीख नाही, अंधारात दिसत नाही. आणि किंमत लाखांत आहे, त्यात शिवाय काही वर्षांनी तेलपाणी येतंच. हप्त्यांवर घेऊ नका.

काम करताना मी उलटं फिरवून ठेवतो, त्यामुळे पाठीवर बारीक ओरखडे आलेत. ते तिथेच यायला हवेत. पाठ अजून कोरी आहे. जुन्या खरेदीखतावर आजोबांची मोडीतली सही सापडली, ती कोरून घ्यायचीय. कोरणाऱ्याकडे आधी स्टीलच्या तुकड्यावर नमुना मागितलाय.