गुदाशयातली छोटी एनईटी गाठ: बँड की ईएसडी?

कोलोनोस्कोपीत गुदाशयात पिवळसर, गुळगुळीत, टणक उंचवटा दिसला, तर साधा पॉलिप समजून लगेच तारेचा फासा टाकून कापण्याची घाई नको. तो न्यूरोएंडोक्राइन गाठ (एनईटी, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) असू शकतो. ती बहुतेकदा अस्तराखालच्या थरात रुतलेली असते; वरवर कापली की तळाशी पेशी राहून जातात. आधी एंडोस्कोपिक सोनोग्राफीने खोली बघून घ्यावी.

गाठ १० मिमीपर्यंतची असेल आणि स्नायूपर्यंत पोहोचलेली नसेल, तर दुर्बिणीतून काढता येते. बँड पद्धतीत गाठ दुर्बिणीच्या टोकावरच्या टोपीत खेचून मुळाशी रबर बँड बसवतात आणि बँडच्या खालून फासा आवळून कापतात. काम काही मिनिटांचं. ईएसडीत (एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन) गाठीखाली द्रव भरून बारीक चाकूने थर सोडवत नेतात. वेळ जास्त, हात सरावलेला लागतो, भोक पडण्याचा धोकाही असतो. एवढ्याशा गाठीसाठी माझा कल स्पष्टपणे बँडकडे आहे. पण आधी अर्धवट काढलेल्या जागी व्रण असेल, तर अस्तर टोपीत नीट येत नाही. तिथे ईएसडीच बरी.

पॅथॉलॉजीचा अहवाल दोन्हींत नीट वाचून घ्या: कडा (तिथे गाठीच्या पेशी उरल्या का), ग्रेड (पेशी किती वेगाने वाढतात), रक्तवाहिनी किंवा लसिकावाहिनीत शिरकाव. शिरकाव दिसला तर गाठ छोटी असूनही मोठ्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागतं.