शिडाच्या बोटीची पहिली सहल: व्हिटसंडे, कोमोडो की पलावान?

इंदूरहून समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. इथे वाढलेल्यांचं पाणी म्हणजे महेश्वरच्या घाटावरची नर्मदा, आणि शिडाची होडी जवळून पाहायची तर गाठायचा भोपाळचा मोठा तलाव. तरी रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात आता प्रत्येक ओळखीच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी पाठीवर सॅक टाकून एकटं निघायचं म्हणते. त्यातल्या बऱ्याच जणांना हवी असते एकच गोष्ट: अनोळखी मंडळींसोबत बोटीवर दोन-तीन रात्री, अवतीभवती उष्ण कटिबंधातली बेटं, आणि वर भरलेलं शीड. शोधाशोध केल्यावर तीन नावं हाती राहतात. ऑस्ट्रेलियातली व्हिटसंडे बेटं, इंडोनेशियातलं कोमोडो आणि फिलिपिन्समधलं पलावान.

फोटोंवरून निवडायला गेलात तर निवड होणारच नाही, कारण तिन्हीकडचं पाणी निळंच आहे. आधी बोट पाहा. तुम्ही ज्या बोटीवर राहणार तिच्यावर शीड चढतं का, रात्री पाठ कुठे टेकायची आणि हवा बिघडली तर काय होतं, इतकं कळलं की बेटांचा प्रश्न आपोआप सुटतो.

शीड खरंच चढतं का?

'सेलिंग ट्रिप' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सहली पूर्णपणे इंजिनावर चालतात. त्यात फसवणूक असतेच असं नाही. दोन बेटांमधलं अंतर ठरल्या वेळात कापायचं तर वाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही. पण शिडासाठी पैसे साठवणाऱ्यानं हे आधी जाणून घ्यायला हवं.

या कसोटीवर व्हिटसंडे निर्विवाद पुढे आहे. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत ही ७४ बेटं आहेत आणि बोटी सुटतात एअर्ली बीच या छोट्या गावातून. मुळात ही एक डोंगररांग. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढली, दऱ्या बुडाल्या, माथे तेवढे बेटं होऊन राहिले. त्यांच्या पलीकडे ग्रेट बॅरियर रीफ पसरलेली आहे. महासागराच्या मोठ्या लाटांचा जोर या प्रवाळभिंतीवरच मोडतो. वारा मात्र ती अडवत नाही. साधारण एप्रिल ते सप्टेंबर आग्नेयेकडून व्यापारी वारे नेमानं वाहतात. शीड भरायला भरपूर वारा आणि बोटीखाली बेताची लाट, असा योग नवशिक्याला फार कमी ठिकाणी मिळतो.

बॅकपॅकर मंडळी जातात त्यांतल्या काही बोटी म्हणजे शर्यतींतून निवृत्त झालेल्या लांबलचक यॉट. त्यांच्यावर पाहुणा नुसता बसून राहत नाही. शीड चढवायचं तर दोराला चार-सहा जण लागतात, विंच, म्हणजे दोर ताणायचं चाक, फिरवायला आणखी दोघं. बोट एका कुशीवर कलली की सगळ्यांनी वाऱ्याकडच्या काठावर पाय सोडून बसायचं, दिशा बदलली की झुकत्या डेकवरून दुसऱ्या काठाला जायचं. कप्तान मोकळा असेल तर सुकाणूही हातात देतो. परक्या देशातल्या वीस माणसांशी ओळख कशी करून घ्यायची ही धास्ती अशा बोटीवर टिकत नाही. एकाच दोराला हात लागले की नावं आपोआप कळतात.

कोमोडोच्या बोटी दिसायला तिन्हींत देखण्या. पिनिसी या दोन डोलकाठ्यांच्या लाकडी गलबतांमागची दक्षिण सुलावेसीची जहाजबांधणी युनेस्कोनं २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ती कीर्ती खरी आहे. पण माणशी भाडं घेऊन फिरवणाऱ्या बोटी बहुतेक वेळ इंजिनावरच चालतात, शीड उघडलं तर फोटोपुरतं. स्वस्तातल्या बोटींना तर डोलकाठीही शोभेचीच. पलावानला प्रवास होतो तो बांगकेतून, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे हात पसरलेल्या इंजिनाच्या लाकडी होडीतून. शिडाच्या पारंपरिक होडीला तिकडे पाराव म्हणतात. तिच्यातून नेणारेही आहेत, पण थोडे, आणि ते मुद्दाम शोधावे लागतात.

रात्र कुठे काढायची

मला स्वतःला हा प्रश्न शिडाइतकाच मोठा वाटतो, कारण पहिल्या सहलीचा आनंद बहुधा पहिल्या रात्रीवर ठरतो.

व्हिटसंडेच्या यॉटवर झोपायचं ते बोटीच्या पोटातल्या अरुंद फळीवर, म्हणजे बंकवर. कधी जाड पडदा असतो, कधी तोही नसतो, आणि मुलं-मुली एकाच जागेत असतात. घरी आईला हे आधीच सांगा. वेगळी केबिन हवी असेल तर थोडी महाग, संथ बोट मिळते. गोडं पाणी मोजकं असल्यानं आंघोळ मिनिटभरात उरकायची. काही बोटींवर संध्याकाळी दारू आणि मोठा आवाज ठरलेला असतो, काहींवर सगळे नऊला झोपतात. बोटीचा स्वभाव बुकिंग करतानाच विचारून घ्यावा. रात्री बोट एखाद्या खाडीत नांगर टाकून उभी असते, त्यामुळे हेलकावे सौम्य असतात.

एल निदो गाव ते कोरोन बेट हा पलावानचा तीन-चार दिवसांचा रस्ता घेतलात तर रात्री जमिनीवर, वाटेतल्या बेटांवरच्या बांबूच्या झोपड्यांत काढायच्या. ज्यांना बस लागते, आणि म्हणून बोटही लागेल अशी भीती आहे, त्यांच्यासाठी ही सगळ्यात सोयीची रचना. दिवसा पोटात कितीही ढवळलं तरी संध्याकाळी पायाखाली वाळू येते.

कोमोडोत फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजो या बंदरातून निघणाऱ्या सहली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत फिरतात आणि रात्री आडोशाला थांबतात. त्या चालतील. दुसरा, स्वस्त मार्ग बालीशेजारच्या लोम्बोक बेटावरून येतो. त्यात सुम्बावा बेटाच्या उत्तरेनं उघड्या समुद्रात रात्रभर इंजिन चालू असतं आणि पुष्कळ जण डेकवर गादी टाकून झोपतात. पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्यानं तो घेऊ नये. वाचणाऱ्या पैशांपेक्षा धोका मोठा आहे.

पाणी आणि हवा

नर्मदेत हात मारता येतात म्हणून समुद्र जमेल असं धरू नका. निघण्याआधी दोन-तीन महिने तरणतलावावर जा, आणि मास्क लावून तोंडानं श्वास घ्यायची सवय तिथेच करा. जॅकेट घालून तरंगणाऱ्यालाही प्रवाळ दिसतात, पण घाबरलेल्याला काही दिसत नाही.

कोमोडोच्या पाण्याविषयी मी जास्त बजावतो. प्रशांत महासागराचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागराकडे वाहतं, आणि फ्लोरेस-सुम्बावामधल्या चिंचोळ्या खिंडींत त्यात भरती-ओहोटीची भर पडली की प्रवाह नदीच्या पुरासारखा ओढतो. याच प्रवाहांबरोबर खालचं थंड, अन्नानं भरलेलं पाणी वर येतं, म्हणून तिथे मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, इतक्या दिसतात. म्हणजे जी गोष्ट बघायला जायचं तिचं कारण आणि धोक्याचं कारण एकच. चांगला पोहणारा तिथून भारावून परत येतो. कच्च्या पोहणाऱ्यानं होडीत बसून मांटा पाहाव्यात. जमिनीवर पादार बेटाच्या माथ्यावरून दिसणारे तीन वाकडे समुद्रकिनारे, कालोंग बेटावरून संध्याकाळी उठणाऱ्या वटवाघळांच्या झुंडी आणि तीन मीटरपर्यंत वाढणारा कोमोडो ड्रॅगन हा महाकाय सरडा, हे सगळं पोहता न येणाऱ्यालाही पुरेपूर मिळतं. निव्वळ पाहण्यासारखं किती, असं विचाराल तर कोमोडोच पहिलं.

व्हिटसंडेला भीती प्रवाहाची नाही, जेलीफिशची आहे. साधारण नोव्हेंबर ते मे हा त्यांचा मोसम. त्या काळात अंगभर पातळ सूट घालूनच पाण्यात उतरायचं, तो बोटीवर मिळतो. चक्रीवादळांचा काळही साधारण तोच. मार्च २०१७ मध्ये डेबी वादळानं एअर्ली बीच आणि ही बेटं झोडपून काढली होती. जून ते सप्टेंबरमध्ये गेलात तर हा त्रास जवळपास नसतो, शिवाय हंपबॅक व्हेल पिलांना जन्म द्यायला याच पाण्यात येतात. व्हाइटहेवनचा सात किलोमीटरचा पांढराशुभ्र किनारा बाराही महिने तसाच. त्याच्या टोकाला हिल इनलेटमध्ये वाळूची नक्षी भरती-ओहोटीबरोबर बदलते, म्हणून तिथे कोणत्या वेळी पोचणार हे विचारा.

पलावानला वारा जोराचा झाला किंवा वादळाचा इशारा आला की तटरक्षक दल होड्या सोडत नाही. मार्च ते मेच्या सुरुवातीपर्यंत समुद्र सर्वांत शांत. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा असतो आणि मोकळ्या पट्ट्यात होडी चांगलीच आपटते. आपल्या सोयीनं सांगायचं तर रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, आटोपून पलावान, मेच्या सुट्टीत कोमोडो, आणि पावसाळ्यात रजा मिळत असेल तर व्हिटसंडे. दिवाळीच्या सुट्टीत, ती ऑक्टोबरमध्ये येत असेल तर, कोमोडो आणि व्हिटसंडे दोन्ही जमतात.

ताट

शाकाहाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलिया सोपा आहे. बुकिंगच्या वेळी सांगितलं की वेगळं जेवण मिळतं. इंडोनेशियात सोयाबीनचे टोफू आणि टेम्पे रोजचेच, पण सांबल या मिरचीच्या चटणीत बहुधा तेरासी हा आंबवलेल्या कोळंबीचा लगदा असतो, तो नको असं स्वयंपाक्याला स्पष्ट सांगावं लागतं. पलावानच्या होडीवर भात, मासे आणि फळं. मासे खाणाऱ्याची चंगळ, न खाणाऱ्याचं भात-केळ्यांवर भागतं. शेव-चिवडा न्यायचाच. मात्र ऑस्ट्रेलियात उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो, नाहीतर दंड होतो. बंद पाकिटातला नमकीन न्या, मावा-दुधाची घरगुती मिठाई घरीच ठेवा.

खिसा आणि कागदपत्रं

व्हिटसंडे सर्वांत महाग, यात वाद नाही. व्हिसा आधी काढावा लागतो, फीच दोनशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात आहे, आणि इंदूरहून मुंबई किंवा दिल्ली, पुढे सिडनी किंवा ब्रिस्बेन, मग एअर्ली बीचजवळचा प्रोसरपाइनचा विमानतळ असं जायचं म्हणजे दोन दिवस प्रवासातच जातात. फक्त दोन रात्रींच्या बोटीसाठी इतकं जाण्यात अर्थ नाही, तीन आठवड्यांचा ऑस्ट्रेलिया असेल तरच. इंडोनेशियाचा व्हिसा पोचल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया भरून तीस दिवसांचा. बालीहून लाबुआन बाजोला छोटं विमान आहे. फिलिपिन्सनं २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवस व्हिसाशिवाय राहू द्यायला सुरुवात केली, पण परतीचं तिकीट दाखवावं लागतं. मनिला आणि पलावानचं मुख्य शहर पुएर्तो प्रिन्सेसा करून पुढे एल निदोपर्यंत व्हॅनचे पाच-सहा तास जातात. हे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाचं संकेतस्थळ उघडून पाहा.

माझं मत विचाराल तर, मन बेटांवर आणि सोबतच्या माणसांवर असेल, पोहणं जेमतेम आणि खिसा विद्यार्थ्याचा असेल, तर पलावानला जा. शिडाचीच ओढ असेल तर पलावान किंवा कोमोडोवर समाधान मानू नका. वर्षभर जास्त साठवा आणि व्हिटसंडेला जा, पण मधल्या काळात भोपाळच्या तलावावर हात बसवून घ्या, म्हणजे यॉटवर पहिल्या तासापासून उपयोगी पडाल. कोमोडो दुसऱ्या सहलीसाठी ठेवा, पोहणं पक्कं झाल्यावर.

कुठेही गेलात तरी बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावर मुक्काम करा आणि बोट परतल्यावर घरच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. पलावानला तर तीन. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि निघण्याआधी तासभर घ्या, ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. पैसे भरण्यापूर्वी चालकाला विचारा: एकूण माणसं किती, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का, रेडिओ चालतो का, रात्री बोट चालवतात का. ज्याची उत्तरं लगेच आणि नेमकी येतील त्याच्याकडेच पैसे भरा.