दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी लिनक्स कर्नल: क्रॉस जीसीसी, क्लँग की थेट बोर्डावर?

एक्स८६ संगणक हाताशी आहे आणि ६४-बिट आर्म बोर्डासाठी कर्नल हवा आहे, अशा वेळी क्रॉस जीसीसी (एका आर्किटेक्चरवर चालून दुसऱ्यासाठी कोड बनवणारा जीसीसी कंपायलर), क्लँग (एलएलव्हीएम प्रकल्पाचा कंपायलर) किंवा थेट बोर्डावरच कंपाइल करणे, हे तीन मार्ग विचारात घेण्याजोगे आहेत. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये आभासी आर्म यंत्र उभारून आत कंपाइल करणे मी बाजूला ठेवतो, कारण प्रोसेसर वेगळा असल्यामुळे तेथे केव्हीएमची (प्रोसेसरच्या साहाय्याने आभासी यंत्र वेगाने चालवणाऱ्या लिनक्समधील सोयीची) मदत मिळत नाही आणि काम फारच रेंगाळते.

क्रॉस कंपाइल करण्याची धास्ती अनेकांना असते, पण कर्नलच्या बाबतीत ती अनाठायी आहे. एरवी खरी डोकेदुखी असते ती टार्गेटसाठीच्या, म्हणजे प्रोग्राम ज्यावर चालणार त्या यंत्रासाठीच्या, लायब्ररी जमवण्याची. कर्नल मात्र सी लायब्ररीवर अवलंबून नसल्याने त्याला कंपायलर आणि बायनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर अशी साधने) पुरतात. जीसीसीचा प्रत्येक संच एकाच आर्किटेक्चरसाठी बांधलेला असतो, म्हणजे उद्या रिस्क-व्ही हवे झाले की दुसरी टूलचेन (कंपायलर व सोबतची साधने) बसवणे आले. क्लँगचे तसे नाही: 'मेक' या बिल्डच्या आज्ञेला 'एलएलव्हीएम=१' देऊन 'आर्च' (टार्गेटचे आर्किटेक्चर सांगणारा पर्याय) तेवढा बदलला की तोच कंपायलर पुढचे काम करतो. शिवाय ५.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये असलेले लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन (लिंक करताना सगळा कोड एकत्र पाहून तो सुधारणे) क्लँगनेच मिळते. म्हणून अनेक आर्किटेक्चर सांभाळणाऱ्याने क्लँग निवडावा. बोर्डासोबत आलेला जुना कर्नलच वापरायचा असेल, तर मात्र ज्या जीसीसीवर तो तपासला गेला तोच बरा.

कोणताही कंपायलर घ्या, 'आर्च' प्रत्येक 'मेक'ला द्यावाच लागतो. 'मेक मेनूकॉन्फिग'च्या (मेनूतून कर्नलचे पर्याय निवडण्याच्या) वेळी तो राहून गेला, तर होस्टचे, म्हणजे कंपाइल करणाऱ्या संगणकाचे, आर्किटेक्चर धरले जाते आणि कॉन्फिग फाइल जतन करताच आर्मचे पर्याय निमूटपणे गळून पडतात.

बोर्डावरच कंपाइल करण्याच्या बाजूने एकच वजनदार मुद्दा आहे, तो म्हणजे कर्नलच्या मूळ कोडबाहेरील, मॉड्यूल म्हणून वेगळे बांधावे लागणारे ड्रायव्हर. एक्स८६वर क्रॉस कंपाइल केलेली बिल्ड डिरेक्टरी बोर्डावर नेऊन तेथे मॉड्यूल बांधू लागले, की 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते, कारण फिक्सडेप आणि मॉडपोस्ट ही सहायक साधने एक्स८६साठी बनलेली असतात. असे मॉड्यूल वरचेवर बोर्डावरच बांधायचे असतील, तर कर्नलही तेथेच कंपाइल करणे सोयीचे ठरते. तेव्हा डीबग माहिती आणि बीटीएफ (त्यातूनच बनणारी डेटा-प्रकारांची माहिती) बंद ठेवावेत, नाहीतर शेवटच्या टप्प्यात तुटपुंजी मेमरी संपून बिल्ड कोसळू शकते. ड्रायव्हरही क्रॉस बांधता येत असेल, तर बोर्डावर कंपाइल करण्यात वेळ घालवू नये.