गाळ्याच्या कंपाउंडला सोलर लाइट की वायरची? जुलैचा हिशोब धरून

आमच्या साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या कमिटीत हा विषय तीन मिटिंगा चालला. मागच्या कंपाउंडला अंधार, भंगारवाले रात्री भिंतीवरून उड्या मारतात, वॉचमन एकटा तिकडे जायला तयार नाही. मग एका सभासदाने ग्रुपवर २०० वॅटच्या सोलर लाइटचा फोटो टाकला, किंमत बघून सगळे खूश, मागवा लगेच म्हणाले. मी म्हटलं थांबा, आधी बॅटरीवर काय लिहिलंय ते बघू. तिथून जे सुरू झालं ते आज लिहून काढतोय, कारण मेव्हण्याच्या भिवंडीच्या गोडाऊनला आणि ओळखीतल्या एकाच्या तळोज्याच्या यार्डला पण हेच प्रश्न होते आणि तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळं निघालं.

आधी एक गैरसमज काढून टाका. वीजबिल वाचेल म्हणून सोलर लाइट घेणार असाल तर हिशोब बसत नाही. ५० वॅटची साधी एलईडी फ्लडलाइट रात्रभर १२ तास जळली तर ०.६ युनिट खाते, वर्षाचे झाले २१९ युनिट. समजा युनिटमागे १२ रुपये धरले, तुमच्या बिलात असेल तो आकडा घाला, तरी वर्षाला अडीच हजारांच्या थोडं वर जातं. त्यासाठी खांबावर बॅटरी टांगून दर चार-पाच वर्षांनी ती बदलत बसायचं? पैसे वाचतात ते केबलच्या खणण्यात. आमच्या मागच्या कंपाउंडपर्यंत पॅनलरूमपासून ७० मीटर, मधे सगळं काँक्रीट, ते फोडा, चर खणा, पाइप टाका, केबल टाका, परत काँक्रीट करा, आणि तोपर्यंत गाळेवाल्यांचे टेम्पो कुठे उभे राहणार ते भांडण वेगळं. त्या कोटेशनमधे लाइटची किंमत शेवटच्या ओळीत होती, बाकी सगळं खोदकाम. म्हणून सगळ्यात पहिला प्रश्न हा की खांबाच्या जागेपर्यंत वायर आहे का. भिंतीवरून, पत्र्याच्या कडेने, छज्ज्याखालून पाइप मारून वायर नेता येत असेल तर वायरचीच लाइट लावा आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आता ज्यांना वायर जमत नाही त्यांच्यापुढे दोन पर्याय. एक म्हणजे ऑल इन वन, पॅनल, बॅटरी, लाइट, सेन्सर सगळं एकाच डब्यात, खांबाला क्लॅम्प मारला की झालं. दुसरा स्प्लिट, म्हणजे पॅनल वेगळं, बॅटरीचा डबा वेगळा, लाइट वेगळी, मधे वायर.

ऑल इन वनचं आकर्षण समजतं, एक माणूस एक शिडी आणि अर्ध्या तासात काम. पण त्या २०० वॅटवाल्याच्या डब्यावर बारीक अक्षरात काय होतं, पॅनल १५ वॅट, बॅटरी ३.२ व्होल्ट २० एएच (अँपिअर-अवर). व्होल्ट गुणिले एएच करा, ६४ वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण वीज. हा दिवा खरंच २०० वॅटने जळला तर वीस मिनिटंपण टिकणार नाही. रात्रभर टिकवायचा तर सरासरी ५ वॅट. आणि तेसुद्धा बॅटरी रोज पूर्ण भरली तर. मुंबईत मे महिन्यात पूर्ण कडक ऊन दिवसाला साडेसहा तासांच्या हिशोबाने मिळतं, जुलैत तेच साडेतीनच्या आसपास येतं, मधे चार्जिंगचं आणि गरमीचं नुकसान धरून ३० टक्के कापा, म्हणजे १५ वॅटचं पॅनल जुलैत दिवसाला ३७ वॅट-अवर देणार. रात्रभराला भागिले तर ३ वॅट. जुन्या ४० च्या पिवळ्या बल्बइतका उजेड पडेल. गेटच्या पायरीला ठीक आहे, कंपाउंडला नाही. सगळे ऑल इन वन असे नसतात, चांगले पण येतात, पण वॅट बघून घेऊ नका, बॅटरीचे वॅट-अवर, पॅनलचे वॅट आणि ल्युमेन (उजेडाचं माप) हे तीनच आकडे विचारा. विकणारा त्यावर गप्प बसला की समजायचं.

दुसरी अडचण कमी लोक सांगतात. ऑल इन वनमधे लाइटचं तोंड जिकडे, पॅनल त्याच डब्यावर. आपल्याला पॅनल दक्षिणेकडे १९-२० अंश कलतं पाहिजे आणि लाइट पाहिजे भिंतीकडे, भिंत कुठल्याही दिशेला असू शकते. डबा सपाट ठेवला तर पावसाळ्यात उजेड बरा मिळतो, सूर्य तेव्हा डोक्यावरच असतो, पण सपाट पॅनलवर धूळ आणि कबुतरांची घाण धुऊन जात नाही, तशीच वाळते. वर तापलेलं पॅनल आणि खाली त्याला चिकटून बॅटरी, मे महिन्यात पॅनल ६० डिग्रीच्या वर जातं, लिथियमला ते अजिबात मानवत नाही.

स्प्लिटमधे हे सगळं सुटतं पण खर्च वाढतो आणि बसवणारा नीट लागतो. आम्ही हिशोब असा केला. लाइट खरी २० वॅटची, चांगली एलईडी वॅटला १३० ल्युमेनच्या पुढे देते म्हणजे अडीच हजार ल्युमेन मिळाले. संध्याकाळचे ४ तास फुल, कारण दुसऱ्या शिफ्टची माणसं सुटतात, मग ८ तास ३० टक्के. म्हणजे ८० अधिक ४८, रात्रीचे १२८ वॅट-अवर. ६० वॅटचं पॅनल जुलैच्या सरासरी दिवशी १४७ देतं, पुरतं. पण जुलैत सरासरी दिवस असतो कुठे, तीन दिवस झोड आणि मग एक दिवस उघडीप, म्हणून बॅटरी तीन रात्रींची धरली, १२.८ व्होल्ट ३६ एएच, ४६० वॅट-अवर. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या. साधी लेड ॲसिड स्वस्त पडते पण रोज खोलवर वापरली की ३०० ते ५०० वेळा, म्हणजे दीड वर्षात ढेपाळते, फॉस्फेट २००० च्या पुढे जाते. एलईडी ५०,००० तास म्हणतात, रोज १२ तासांनी ती अकरा वर्षं झाली, म्हणजे लाइट जिवंत असेपर्यंत बॅटरी निदान एकदा तरी बदलायची आहे हे पहिल्या दिवसापासून धरून चला आणि तीच बॅटरी बाजारात सुटी मिळते का ते विचारा. ऑल इन वनमधे बरेचदा सुटी मिळत नाही, सगळा डबाच भंगारात.

बॅटरीचा डबा खांबाच्या बुडाशी जमिनीत पुरायची पद्धत आहे, ती मुंबईत विसरा. आमच्याकडे मिठी नदी फार लांब नाही, पाणी कुठवर येतं ते २६ जुलै २००५ ला बघितलेले लोक अजून गाळ्यात बसतात. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. डबा खांबावरच, निदान दहा-बारा फुटांवर, त्याने चोरीपण थोडी अवघड होते. आयपी ६५ म्हणजे पाण्याची धार सहन करतो, पाण्यात बुडाला तर नाही, त्याला ६७ लागतं.

सावलीचं सांगतो कारण इथे आम्ही स्वतः फसता फसता वाचलो. आमचा वायरमन मे महिन्यात दुपारी येऊन म्हणाला या कोपऱ्यात कडक ऊन आहे, इथेच खांब टाका. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा कशाचीच सावली पडत नाही हो. डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा सूर्य ४७ अंशांपर्यंतच चढतो, दक्षिणेला ३० मीटरची बिल्डिंग असली तर सत्तावीस-अठ्ठावीस मीटरपर्यंत सावली. आणि रात्र तेव्हाच सगळ्यात मोठी, १३ तासांची. पावसाळ्याचं एक बरं, जूनमधे रात्र पावणेअकरा तासांचीच असते, थोडी भरपाई होते. तर सावली डिसेंबरची बघा, ऊन जुलैचं धरा. आणि ताडपत्री! मेव्हण्याच्या गोडाऊनला स्प्लिट लाइट लावल्या, जून लागला, माणसांनी दरवर्षीप्रमाणे शेडवर निळी ताडपत्री ओढून दोरीने बांधली, तिचं एक टोक सरळ पॅनलवर. आठवडाभर तो विकणाऱ्याला फोन करून शिव्या घालत होता.

सेन्सरबद्दल दुकानदार सांगतो माणूस आला की फुल, गेला की बंद. बंद कधीच ठेवू नका, ३० टक्क्यांवर ठेवा, अचानक पेटणाऱ्या लाइटने वॉचमनच्याच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि कॅमेऱ्याचं चित्रपण दोन क्षण पांढरं होतं. पीआयआर सेन्सर अंगाची ऊब ओळखतो, मे महिन्यात हवाच तेवढी गरम झाली की त्याची नजर कमी होते, थंडीत दहा मीटरवरून ओळखणारा तेव्हा पाच-सहावर येतो. मायक्रोवेव्हवाल्याला गरमीचं काही नाही पण तो हलणाऱ्या पत्र्याला, फांदीलासुद्धा माणूस समजतो. दोघांनाही कुत्री कळत नाहीत. आमच्याकडे रात्री आठ-दहा कुत्री कंपाउंडमधे, त्यांच्या मारामाऱ्यांत लाइट जवळजवळ रात्रभर फुल, १२८ चे २४० वॅट-अवर होतात, हे बॅटरीच्या हिशोबात धरलेलं कोणीच नसतं. सेन्सरचं तोंड जमिनीवरून जरा वर घेतल्यावर फरक पडला.

वायरवाल्या लाइटची बाजू पण मांडतो, मला तीच जास्त आवडते खरं तर. उजेड पहिल्या दिवसापासून दहाव्या वर्षापर्यंत तोच, ढग असो नसो. जिथे रात्रपाळी आहे तिथे मी सोलर सुचवणार नाही, फॅक्टरी ॲक्ट १९४८ चं कलम १७ सांगायचं की कामगार काम करतात किंवा ये-जा करतात त्या प्रत्येक भागात पुरेसा उजेड पाहिजे (२०२५ मधे त्या ॲक्टची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), आणि पहाटे तीनला मंद होणाऱ्या लाइटखाली कोणी घसरून पडला तर इन्स्पेक्टरला काय ढगांचं कारण सांगणार? इस्टेटला गच्ची मोठी असेल तर गच्चीवर पॅनल टाकून नेट मीटरिंग (जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, ती बिलातून वजा) घ्या आणि खाली साध्या वायरच्या लाइट लावा, बिल वाचवायचंच असेल तर खरा मार्ग हा. फक्त लक्षात ठेवा, तो इन्व्हर्टर ग्रिड गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो, बॅटरी वेगळी लावली नसेल तर गच्चीभर पॅनल असून अंधार. मुंबईत लाइट जात नाही म्हणतात, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडच बसली तेव्हा लोकलपण थांबल्या होत्या. म्हणून गेटवर आणि कॅश असलेल्या भागात एकेक सोलर लाइट बॅकअप म्हणून असणं वाईट नाही, अख्खं कंपाउंड त्यावर नको.

कन्स्ट्रक्शन साइटवाल्यांचं वेगळं. तिथे खरी तुलना डिझेल जनरेटरवरच्या लाइट टॉवरशी. जुना मेटल हॅलाइडवाला टॉवर तासाला लिटर-दीड लिटर पितो, आणि आवाजाने शेजारची सोसायटी पोलिसांना फोन करते. चाकावरचा सोलर टॉवर शांत, भाड्याने मिळतो, पण पॅनल उघडायला मोकळी जागा पाहिजे आणि आरएमसीची (तयार काँक्रीटची) सिमेंटची धूळ आठवड्याला दोनदा पुसायला माणूस पाहिजे. स्टोअर आणि गेटच्या राखणीला सोलर, पायलिंगला डिझेल किंवा टेम्पररी कनेक्शन.

खांबाबद्दल एकच. पॅनल म्हणजे वाऱ्याला शीड. मुंबईसाठी आयएस ८७५ मधे, म्हणजे बांधकामावरच्या भाराच्या भारतीय मानकात, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, तासाला दीडशे किलोमीटरच्या वर. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, मे २०२१ ला, कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला होता. जुन्या ट्यूबलाइटच्या खांबावर ६० वॅटचं पॅनल चढवायला कोणी सांगितलं तर त्याला फाउंडेशनचं ड्रॉइंग मागा. घाटकोपरला होर्डिंग पडल्यापासून आमच्या कमिटीत हा प्रश्न आता कोणालाच जास्तीचा वाटत नाही. खांब गरम जस्ताचा मुलामा दिलेला, नट-बोल्ट स्टेनलेस, शिवडी-माझगावकडे अगदी खाडीला लागून असाल तर ३१६ ग्रेडचे. नुसता सिल्व्हर पेंट मारलेला खांब दोन पावसाळ्यांत गंजून फुगतो.

तर झालं असं की आमच्या इस्टेटला गेट आणि पॅसेजला वायरच्याच लाइट राहिल्या, मागच्या भिंतीला चार स्प्लिट लागल्या. दोन मोठ्यांऐवजी चार लहान, म्हणजे दोन खांबांच्या मधे काळा पट्टा राहत नाही. तळोज्याच्या यार्डला मैदान मोठं, सावली नाही, वायर आधी दोनदा चोरीला गेलेली, तिथे सगळीकडे स्प्लिट, प्रश्नच नव्हता. भिवंडीला मेव्हण्याने अर्ध्या परत काढून पत्र्याखालून वायर मारली.

पूर्ण ऑर्डर देण्याआधी एकच नग मागवा आणि गच्चीवर बांधा. दोन दिवस उन्हात पूर्ण चार्ज करा, मग पॅनलवर गोणपाट टाकून सुतळीने आवळा आणि रोज रात्री वॉचमनला वहीत लिहायला सांगा किती वाजता मंद झाली, किती वाजता गेली. आमच्याकडे तीन नग आणले होते, एक दुसऱ्या रात्री दीडला गेला, एक तिसऱ्या पहाटेला, आणि तो २०० वॅटवाला पहिल्याच रात्री साडेअकराला. वहीत वॉचमनने त्याच्यापुढे नुसतं "झोपला" लिहिलंय.