‘लाईफटाइम ऑटोकॅड’ म्हणून विकली जाते ती दुसऱ्याचीच सीट

घरं-इमारतींची ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचा मेसेज साधारण असा असतो: ‘ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप प्रो. ओरिजिनल. लाईफटाइम. तुमच्याच मेल आयडीवर ॲक्टिव्हेट. फक्त ४,५००.’ फोन लावला की पलीकडचा माणूस आपल्याच भागातला निघतो. “काय काळजी करू नका साहेब, अपडेट बी येत्यात, बिल बी देतो.” कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतली दोन-तीन टेबलांची आर्किटेक्टची ऑफिसं, उद्यमनगरात फॅब्रिकेशनची ड्रॉइंग काढून देणारे, डिप्लोमा संपवून नुकतंच स्वतःचं काम धरलेली पोरं ही याची गिऱ्हाइकं. कंपनीचा वर्षाचा दर बघून ज्याच्या पोटात गोळा येतो, तो साडेचार हजार ऐकून हुरळला तर नवल नाही.

पेनड्राईव्हवरचं क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली प्रत, घेताना निदान ते नकली आहे हे घेणाऱ्याला माहीत असायचं. हा प्रकार वेगळा आहे. सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरूनच उतरतं, साइन-इन होतं, वर कोपऱ्यात आपलं नाव दिसतं, अपडेटही येतात. म्हणून जाणकार माणूसही फसतो. सॉफ्टवेअर अस्सल असतं, ते वापरायचा हक्क, म्हणजे ‘सीट’, मात्र तिसऱ्याच कोणाची असते.

मुळात हे लायसन्स कंपनी विकतच नाही. ऑटोकॅड आणि रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कनं सुट्या सॉफ्टवेअरची नवी कायमस्वरूपी लायसन्सं विकणं ३१ जानेवारी २०१६ ला थांबवलं आणि सूट्सची, म्हणजे अनेक सॉफ्टवेअरच्या एकत्र संचांची, ३१ जुलै २०१६ ला. स्केचअपचं ‘क्लासिक’ कायमस्वरूपी लायसन्सही नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झालं. त्यानंतर सगळा कारभार सबस्क्रिप्शनचा. पुढे ऑटोडेस्कनं लायसन्स माणसाच्या नावाशी बांधलं: एक सीट, एक माणूस, एक मेल आयडी. त्यामुळे २०२४ चं किंवा २०२५ चं ऑटोकॅड कुणी ‘आयुष्यभरासाठी’ देतो म्हणाला, तर पुढचं काही ऐकायची गरजच नाही.

मग साडेचार हजारांत नेमकं काय मिळतं? बहुतेक वेळा विद्यार्थ्याचं लायसन्स. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना पडताळणी करून एक वर्षाचा फुकट वापर देतं. पात्रता टिकली तर तो दरवर्षी नव्यानं मिळतो. विकणारा खोटं आयकार्ड किंवा कुठल्यातरी कॉलेजचा मेल आयडी वापरून खातं उघडतो आणि पासवर्डसकट विकतो. त्याला खर्च शून्य. या लायसन्सवर पैसे घेऊन काम करायला अटींनुसार परवानगी नाही, म्हणजे पहिल्या दिवसापासून ऑफिसचं प्रत्येक ड्रॉइंग अटी मोडूनच निघतं. वर्षानं पुन्हा पडताळणी मागितली जाते, ती करणं विकणाऱ्याला जमत नाही किंवा तोवर त्यानं नंबर बदललेला असतो.

दुसरा प्रकार जास्त चलाखीचा आहे. इथे पासवर्ड दिला जात नाही, तुमच्या स्वतःच्या मेलवर ऑटोडेस्ककडूनच खरंखुरं आमंत्रण येतं. ते विकणाऱ्यानं चालवलेल्या ‘टीम’मध्ये सामील होण्याचं असतं. त्या टीमचा प्रायमरी ॲडमिन तो, तुम्ही फक्त युजर. सीट कुणाला द्यायची, कुणाची काढून घ्यायची हे ॲडमिन एका क्लिकवर ठरवतो. दोन महिन्यांनी तीच सीट तुमच्याकडून काढून इचलकरंजीतल्या कुणाला विकली, तरी तुमच्या हातात काही नाही. फोन केला की “सर्व्हर प्रॉब्लेम आहे, दीड हजार भरा, रिन्यू करतो.”

तिसरा प्रकार जुनाच: क्रॅक. फक्त पेनड्राईव्हऐवजी एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून तुमचं मशीन ताब्यात घेऊन, बसवलेलं. त्याचं पुढे येतंच.

पैसे जातात ते साडेचार हजार, पण खरा फटका फायलींना बसतो. समजा एका ऑफिसनं असल्या सीटवर रेव्हिट २०२५ मध्ये चार मजल्यांच्या इमारतीचं मॉडेल केलं आणि सीट गेली. शेजारच्या ऑफिसात रेव्हिट २०२३ आहे, तिथे फाईल उघडू म्हटलं तर उघडत नाही. रेव्हिटची फाईल नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह झाली की मागे येत नाही, आणि ‘सेव्ह ॲज’मध्ये जुनी आवृत्ती निवडायची सोय नाही. ऑटोकॅडचं बरं आहे. २०१३ ते २०१७ पर्यंत डीडब्ल्यूजी या त्याच्या फाईलचा एकच फॉरमॅट चालला, २०१८ पासून दुसरा, आणि नव्या आवृत्तीतून जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करता येतं. रेव्हिटवाल्यांची मात्र कोंडी होते. टीमवाल्या प्रकारात त्यावर आणखी एक भर: मॉडेल क्लाउडवर ठेवलं असेल तर ते विकणाऱ्याच्या हबमध्ये, म्हणजे त्याच्या क्लाउडवरच्या जागेत जातं. सीट काढली की तुमचंच मॉडेल तुम्हाला दिसत नाही आणि त्याला दिसत राहतं. क्लायंटचा बंगला, बेडरूमपासून तिजोरीच्या खोलीपर्यंत, एका अनोळखी माणसाच्या खात्यात.

म्हणून शंका आली की आधी त्याला फोन लावून भांडू नका. फायली बाहेर काढा. रेव्हिटमधून मूळ आरव्हीटी फाईल स्वतःच्या हार्डडिस्कवर सेव्ह करा, सोबत आयएफसी (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारा फॉरमॅट), सगळ्या शीट्सचं डीडब्ल्यूजी आणि पीडीएफ. फॅमिली फायली, म्हणजे दारं-खिडक्यांसारखे तयार घटक, वेगळ्या सेव्ह करा. हे झालं की मग तोंड उघडा. आधी भांडलात तर त्याच दुपारी तो सीट काढून घेतो.

तपासणी दोन मिनिटांची आहे. ऑटोकॅडमध्ये वर उजवीकडे आपल्या नावाशेजारच्या बाणावर क्लिक करा आणि ‘मॅनेज लायसन्स’ उघडा. लायसन्सचा प्रकार आणि मुदत तिथे दिसते. ‘एज्युकेशनल’ किंवा ‘स्टुडंट’ असं काहीही दिसलं तर विषय संपला. रेव्हिटमध्ये खिडकीच्या वरच्या पट्टीवरही नजर टाका; ‘स्टुडंट व्हर्जन’ किंवा ‘नॉट फॉर रीसेल’ अशी अक्षरं तिथे असतात आणि महिनोन्‌महिने कुणी वाचत नाही. त्यानंतर ब्राउझरमधून ऑटोडेस्कच्या खात्यात जा. ‘प्रॉडक्ट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये सॉफ्टवेअर दिसतं, एवढ्यावर समाधान मानू नका, ते युजरलाही दिसतं. ‘युजर मॅनेजमेंट’ आणि ‘बिलिंग अँड ऑर्डर्स’ तुम्हाला दिसतंय का, ते बघा. नसेल तर तुम्ही मालक नाही. टीमचं नाव काय आहे तेही वाचा. तिथे तुमच्या ऑफिसचं नाव नसून कुठल्यातरी इन्स्टिट्यूटचं नाव असलं, तर तुम्ही कुणाच्या तरी वर्गात विद्यार्थी म्हणून बसलेले आहात.

खऱ्या खरेदीत क्रम उलटा असतो. अधिकृत विक्रेता आधी कोटेशन देतो, ॲडमिन म्हणून कुणाचा मेल लावायचा ते विचारतो, ऑर्डरची पोच कंपनीकडून थेट त्या मेलवर येते, आणि सीट कुणाला द्यायची ते तुम्हीच ठरवता. तुमचा पासवर्ड कुणी मागत नाही आणि स्वतःचा पासवर्ड तुम्हाला देत नाही. विक्रेता अधिकृत आहे की नाही ते त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरच्या लोगोवरून ठरवू नका. कंपनीच्या साइटवर भागीदार विक्रेत्यांची यादी असते, तिथे नाव शोधा आणि तिथल्याच नंबरवर फोन करा.

आता बिल. “बिल बी देतो” यावर भले भले गप्प बसतात, कारण बिल म्हणजे पक्कं काम, अशी आपली समजूत. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि तो नीट वाचला तर बरंच बोलतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पत्ता पुण्याचा आणि नंबर २९ नं सुरू होत असेल, तर ती नोंदणी कर्नाटकातली आहे. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं: व्यक्तीसाठी ‘पी’, कंपनीसाठी ‘सी’, भागीदारी फर्मसाठी ‘एफ’. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघायचं. लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर ‘पी’ असेल, तर लेटरहेड तरी खोटं किंवा नंबर तरी उचललेला. मग जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये नंबर टाका, लॉगिन लागत नाही. नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, धंदा कसला, हे समोर येतं. कापडाच्या दुकानाचा नंबर सॉफ्टवेअरच्या बिलावर बसवणारे महाभाग असतात.

कराची मांडणीही बघा. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी. विक्रेता महाराष्ट्रातला आणि घेणारा कोल्हापूरचा, तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. बाहेरच्या राज्यातला असेल तर १८ टक्के आयजीएसटी. नंबर २७ चा आणि लावलाय आयजीएसटी, तर बिल बनवणाऱ्याला जीएसटी माहीत नाही. नोंदणी असलेल्या ऑफिसनं पुढच्या महिन्यात १४ तारखेनंतर आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या बिलांच्या यादीत, हे बिल चढलंय का ते सीएला विचारावं. न चढलेल्या बिलाचं क्रेडिट मिळत नाही. आणि पैसे कुणाच्या नावावर गेले? बिल फर्मचं, यूपीआय भलत्याच माणसाच्या नावाचं, हे दिसलं की तिथेच थांबा.

एनीडेस्कवरून बसवून घेतलं असेल तर प्रकरण लायसन्सपुरतं राहत नाही. तो माणूस पहिलं काम करतो ते विंडोज डिफेंडर बंद करण्याचं, किंवा पूर्ण फोल्डर त्याच्या ‘एक्सक्लूजन्स’ म्हणजे न तपासायच्या यादीत टाकण्याचं. दुसरं काम होस्ट्स फाईल बदलण्याचं, म्हणजे सॉफ्टवेअरनं कंपनीच्या सर्व्हरला विचारूच नये. दोन्ही तपासता येतात. डिफेंडरच्या सेटिंगमध्ये एक्सक्लूजन्स उघडा, तुम्ही न टाकलेलं जे असेल ते काढा. होस्ट्स फाईल सी ड्राईव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, इटीसी अशा वाटेनं सापडते. नोटपॅडमध्ये उघडून त्यात १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० नं सुरू होणाऱ्या आणि पुढे ऑटोडेस्कचं नाव असलेल्या ओळी आहेत का बघा. असल्या तर तुमच्या मशीनवर क्रॅक आहे, तो माणूस काहीही सांगो.

एवढं साफ करून भागत नाही. अर्धा तास त्याच्या ताब्यात असलेल्या मशीनवर त्यानं आणखी काय ठेवलं ते स्कॅनरलाही कळेलच असं नाही. मशीन फॉरमॅटच करा. बॅकअप घेताना फक्त डीडब्ल्यूजी, आरव्हीटी, पीडीएफ असल्या कामाच्या फायली घ्या. एलएसपी, एफएएस, व्हीएलएक्स आणि इएक्सई या प्रोग्रॅमच्या फायली मागे सोडा. ऑटोकॅडचे व्हायरस बहुतेक लिस्पमधूनच, म्हणजे ऑटोकॅडच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधूनच, पसरतात: ‘अकॅडडॉक डॉट एलएसपी’ नावाची छोटी फाईल प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरात आपोआप उगवते, आणि तो फोल्डर स्ट्रक्चरल कन्सल्टंटला पाठवला की त्याच्याकडेही पोचते. एक्सप्लोड, एक्सरेफ, एक्सबाइंड या कमांड अचानक चालेनाशा झाल्या तर संशय इथेच घ्या. २०१२ मध्ये ‘मेद्रे’ नावाचा असाच एक लिस्प व्हायरस उघड झाला होता. तो उघडलेली ड्रॉइंग परस्पर ईमेलनं बाहेर पाठवत होता. नव्या मशीनवर ऑटोकॅडमधल्या ‘सिक्युअरलोड’ या सेटिंगची किंमत १ किंवा २ ठेवा. ० ठेवली तर कुठलीही लिस्प न विचारता चढते, आणि क्रॅक बसवणारे नेमकी ० करून जातात.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून. ब्राउझरमध्ये साठवलेले बँक, जीएसटी पोर्टल आणि बांधकाम परवानगीच्या लॉगिनचे आधी.

यानंतर काही महिन्यांनी दुसरा फोन येण्याची शक्यता असते: “कंपनीच्या लीगल टीममधून बोलतोय, तुमच्याकडे नकली सॉफ्टवेअर सापडलंय, आजच्या आज भरा.” ज्यांनी विकलं त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची यादी असतेच. कंपन्या खरोखर अशी चौकशी करतात, पण मेल कंपनीच्या डोमेनवरून येतो आणि तडजोडीची रक्कम कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेतली जात नाही. भीती मात्र अगदीच पोकळ नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे नकली प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे नकली असल्याचं कळल्यावरही ‘आता चालतंय तर चालू दे’ म्हणून वापरत राहिलात, तर फसलेला माणूस ही ओळख उरत नाही. कळलं त्या दिवशी अनइन्स्टॉल करा आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा.

तक्रारीत वेळ महत्त्वाची. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येऊ शकते. सोबत बँकेलाही कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, एक्स्पोर्ट केलेलं चॅट, आमंत्रणाचा मूळ मेल (फॉरवर्ड केलेला नको), बिल आणि ‘मॅनेज लायसन्स’च्या खिडकीचा फोटो, एवढं हाताशी असू द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. पूर्वी त्याला ४२० म्हणत.

विक्रेता बिलावर खऱ्या नावानं सापडला तर ग्राहक आयोगाचीही वाट आहे. “सॉफ्टवेअर धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही,” असा बचाव तो घेणार. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कायद्यानं त्या ‘धंद्यासाठी’मधून वगळली आहे, त्यामुळे एकट्यानं काम करणाऱ्या ड्राफ्ट्समनला दाद मागता येते. दहा जणांच्या फर्मला हे अवघड जाईल. सुरुवात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरून करा.

ज्याला खरोखर खर्च परवडत नाही त्याच्यासाठी सरळ वाटा आहेत. फक्त टूडी प्लॅन आणि सबमिशन ड्रॉइंग असतील तर ऑटोकॅड एलटी ही हलकी आवृत्ती बघा. २०२४ च्या आवृत्तीपासून त्यात लिस्पही चालते. रेव्हिट महिन्यातून चार दिवसच लागत असेल तर आगाऊ विकत घ्यायची ऑटोडेस्कची फ्लेक्स टोकन आहेत, वापरलेल्या २४ तासांपुरतीच कापली जातात. एकदाच पैसे भरून कायमचं हवं असेल तर ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅड अजून तसं विकतात, डीडब्ल्यूजीवरच काम करतात, कमांडही बऱ्याचशा त्याच. नुसती आलेली ड्रॉइंग बघायची, प्रिंट काढायची आणि आवृत्ती बदलायची असेल तर ऑटोडेस्कचंच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट मिळतं. ते घ्यायचं कंपनीच्या साइटवरून, मेसेजमधल्या लिंकवरून नाही.