खान्देशातला फुफाटा आणि घरी कॅमेऱ्याच्या सेन्सरची सफाई: काही महिन्यांच्या वापरानंतर

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ज्याने एकदा लेन्स बदलली असेल, त्याला धुळीचं वेगळं सांगायला नको. त्यात कपाशीच्या हंगामात जिनिंगकडून उडणारे रुईचे तंतू. लेन्स काढली की हे सगळं सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या चकतीवर, बसतं. माझा डीएसएलआर कॅमेरा एपीएस-सी म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा, लग्नाच्या ऑर्डरींना आणि सातपुड्यातल्या भटकंतीला तोच. दर वेळी सर्व्हिसला पाठवणं परवडेना, म्हणून रबरी ब्लोअर (दाबून हवा मारायचा फुगा) आणि 16 मिमी स्वॅबचा (सेन्सर पुसायच्या चपट्या काड्यांचा) किट घेतला.

पैसे वसूल झाले ते ब्लोअरमुळे. स्वॅबचा डबा बहुतेक वेळ कपाटातच असतो.

आधी तपासायचं. एफ/16 ला (लेन्सचं छिद्र लहान करून), फोकस मुद्दाम बिघडवून, निरभ्र आकाशाचा फोटो काढा. काळपट ठिपके दिसले तर धूळ आहे. तेच ठिपके एफ/2.8 ला, म्हणजे छिद्र मोठं असताना, जवळपास दिसत नाहीत, त्यामुळे लग्नाच्या फोटोंसाठी मी हात लावतच नाही. तोरणमाळचं आकाश लहान छिद्राने टिपायचं असेल तर मात्र लावतो. ठिपका फोटोत वर-डावीकडे असेल तर समोरून बघताना सेन्सरवर खाली-डावीकडे शोधा, कारण प्रतिमा उलटी पडते.

बॅटरी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर सफाईसाठी मेन्यूतून वर उचललेला सेन्सरसमोरचा आरसा मध्येच खाली येईल. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, ब्लोअरचं नळकं बाहेरच. आणि कुलर बंद! आपल्याकडे मार्चपासून तो चालूच असतो आणि खोलीभर धूळ फिरवतो. डब्यातली दाबाची हवा अजिबात नको, तिच्यातला द्रव काचेवर उडतो.

ब्लोअरने न निघणारा चिकट डाग असेल तरच स्वॅब. पुसतो ती सेन्सरवरची फिल्टरची काच, तरी ओरखडा पडला तर खर्च मोठाच. स्वॅबवर सफाईच्या लिक्विडचे दोन थेंब, एका बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वॅब उलटून परत, आणि फेकून द्या. महाग असल्याने पुन्हा वापरायचा मोह होतो, पण पहिल्या पुसण्याची धूळच दुसऱ्यांदा घासली जाते. थेंब जास्त झाले तर रेघा उमटतात. माझं लिक्विड मिथेनॉलचं आहे: विषारी, पटकन पेट घेणारं आणि उडून जाणारं. मे महिन्यात झाकण सैल ठेवलंत तर बाटली आपोआप रिकामी होते.

मिररलेसवाला (आरसा नसलेला कॅमेरा वापरणारा) मित्र किट मागत होता. त्याचा सेन्सर फुल-फ्रेम, म्हणजे माझ्यापेक्षा मोठा, त्याला 24 मिमीचे स्वॅब लागतील. शिवाय हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या स्थिरीकरणामुळे तो सेन्सर हलतो, म्हणून कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाच म्हटलं. ब्लोअर मात्र घेऊन गेलाय, अजून परत आलेला नाही.